थोरलीचें पुराण, धाकटीची कहाणी

मराठींतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा विषय निघाला म्हणजे दोन नांवें सहजच प्रथम येतात: रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' आणि लक्ष्मीबाई टिळक यांचीं 'स्मृतिचित्रें'. पहिलें पुस्तक 1910 सालचें, दुसरें 1934 पासून भागशः बाहेर पडलेलें. दोहोंची थोरवी निर्विवाद आहे, आणि तिच्याविषयीं नवें कांहीं सांगण्याचा आमचा उद्देश नाहीं. परंतु या दोन्ही ग्रंथांच्या मध्यभागीं एक असामान्य पति उभा आहे. आणि त्यामुळें आमच्या वाचकवर्गास व टीकाकारांस एक सवय जडून गेली आहे. स्त्रीनें सांगितलेलें आत्मचरित्र हातीं येतांच ते प्रथम तिला घडविणाऱ्या पुरुषाचा शोध करूं लागतात. तो सांपडला म्हणजे पुस्तक समजलें असें त्यांस वाटतें.

या सवयीमुळें ज्या पुस्तकांवर थोडाबहुत अन्याय झाला आहे त्यांपैकीं दोहोंचा विचार येथें करावयाचा आहे. एक पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी', 1928 सालची. दुसरें आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचें 'माझें पुराण', 1944 सालचें. हीं पुस्तकें अपरिचित आहेत असें मुळींच नाहीं. पण तीं वाचलीं जातात तीं निरनिराळीं, आणि बहुधा महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्राचीं परिशिष्टें म्हणून. बाया ही त्यांची पत्नी, पार्वतीबाई ही त्यांच्या आश्रमाची कार्यकर्ती. म्हणजे दोघींच्याही मागें अण्णा, असा हिशेब मांडून आपण मोकळे होतों. या दोघी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होत्या ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती केवळ नात्याची माहिती म्हणून सांगितली जाते. आमच्या मतें या दोन्ही पुस्तकांची किल्ली त्या नात्यांतच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरुखच्या जोशांच्या घरीं गोदू 1865 सालीं जन्मली व कृष्णा 1870 सालीं. गोदूचें लग्न आठव्या वर्षीं झालें आणि कांहीं महिन्यांतच तिला वैधव्य आलें. संसार म्हणजे काय हें कळण्यापूर्वींच तो संपला होता. कृष्णेचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. ती पार्वतीबाई आठवले झाली, तिला मूल झालें, आणि विसाव्या वर्षीं तीही विधवा झाली. एका घरांतल्या दोन मुली एकाच आपत्तींत सांपडल्या. मात्र त्या आपत्तीचें स्वरूप दोघींस सारखें नव्हतें. थोरलीनें जें गमावलें तें तिनें कधीं पाहिलेंच नव्हतें. धाकटीनें जें गमावलें तें तिनें भोगलें होतें, आणि त्याची एक जिवंत खूण तिच्या पदरीं होती. पुढें दोघींच्या वाटा कां फुटल्या याचा विचार करतांना हा भेद दृष्टीआड करून चालणार नाहीं.

गोदूबाई तेविशी-चोविशीपर्यंत कोंकणांतच होत्या. त्यांचे भाऊ नरहरपंत जोशी आणि धोंडो केशव कर्वे हे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. गिरगांवांत दोघांचें एकत्र बिऱ्हाड होतें. त्या बिऱ्हाडीं गोदूबाई आल्या. कोंकणांतून एखाद्या भावानें मुंबईस यावें, खोली करावी, आणि मग एकेक भावंड त्या खोलींत येऊन राहावें, ही रीत आपल्या शहरास जुनी आहे. गिरगांवच्या वाड्यांस जशी, तशीच परळ-लालबागच्या चाळींसही. परंतु त्या काळीं भावाच्या पाठोपाठ येई तो भाऊ, शिक्षणाकरितां किंवा नोकरीकरितां. विधवा बहिणीनें आली तर चूल सांभाळण्याकरितां यावें. 11 मार्च 1889 रोजीं पंडिता रमाबाईंनीं चौपाटीजवळ शारदासदन उघडलें, आणि गोदूबाई त्या सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. गिरगांवांतील बिऱ्हाडापासून चौपाटीपर्यंतचें अंतर पायीं थोडक्या वेळांत काटण्यासारखें आहे. देवरुखच्या जोशांच्या घरांतील मुलींच्या दृष्टीनें पाहिलें तर तें फार मोठें होतें.

पुढें 1890 सालीं शारदासदन पुण्यास गेलें. अण्णांची प्रथम पत्नी राधाबाई 1891 सालीं वारल्या, आणि त्याच वर्षीं अण्णा फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून पुण्यास आले. पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा त्यांचा निश्चय होता. 11 मार्च 1893 रोजीं, म्हणजे शारदासदन उघडल्यापासून बरोबर चार वर्षांनीं, गोदूबाईंचा त्यांच्याशीं पुनर्विवाह झाला. कायद्यानें ही मुभा 1856 सालींच दिली होती. परंतु कायदा आणि गांव यांच्यामध्यें केवढें अंतर असतें हें मुरुडच्या मंडळींनीं बहिष्कार घालून या दांपत्यास दाखवून दिलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विधवेचा पुनर्विवाह हा सगळ्या महाराष्ट्रास नवा नव्हता. गिरगांवापासून दोन-तीन मैलांवर, परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या अनेक जातींच्या कुटुंबांत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती, आणि तिच्याकरितां कोणास सुधारक व्हावें लागत नसे. जें तेथें रूढीनें घडे तेंच पांढरपेशा घरांत बंडाचें कृत्य ठरत होतें. आपल्या वाङ्मयानें विधवेच्या दुःखाचें चित्रण करतांना पुष्कळदा एका लहान वर्गाचें दुःख सर्वांचें म्हणून सांगितलें आहे, हें मान्य केलें पाहिजे. मात्र तें दुःख लहान वर्गाचें होतें म्हणून तें लहान होतें असें नव्हे.

आतां धाकटीकडे वळूं. पार्वतीबाई विधवा होऊन माहेरीं राहिल्या, त्यांचें केशवपन झालें, आणि त्या काळाच्या कोणत्याही विधवेप्रमाणें त्यांचें उर्वरित आयुष्य ठरून गेल्यासारखें होतें. तें ठरल्याप्रमाणें झालें नाहीं याचें पहिलें कारण हें कीं पुण्यास थोरल्या बहिणीचें घर होतें. त्या घरावर बहिष्कार होता, नातलगांची नाराजी होती. तरी तें घर होतें. पार्वतीबाई तेथें आल्या आणि सव्विशीच्या सुमारास, ज्या वयांत स्त्रीचें शिकण्याचें वय केव्हांच सरलें असें समजत, त्या वयांत शिकूं लागल्या. 1896 सालीं अण्णांनीं अनाथबालिकाश्रम काढला, 1900 सालीं तो हिंगण्याच्या माळावर गेला, आणि वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांच्याबरोबर पार्वतीबाईंचें नांव आश्रमाच्या इतिहासांत कायमचें जोडलें गेलें. त्यांनीं आश्रमाची व्यवस्था पाहिली, वर्गणीकरितां गांवोगांव हिंडून व्याख्यानें दिलीं, आणि 1918 सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, इंग्रजी शिकण्याच्या व संस्थेस मदत मिळविण्याच्या हेतूनें त्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं दिवस काढले व 1920 सालीं त्या परत आल्या. जस्टिन ॲबट यांनीं केलेलें 'माझी कहाणी'चें इंग्रजी भाषांतर 1930 सालीं निघालें, आणि देवरुखच्या विधवेची गोष्ट परदेशांतही पोंचली.

पण पार्वतीबाईंनीं पुनर्विवाह केला नाहीं. या ठिकाणीं बहुतेक वाचक थबकतात. जी बहीण पुनर्विवाह करून सुखी झाली तिच्याच घरीं राहून, तिच्याच पतीच्या संस्थेंत काम करून, विधवाविवाहाच्या बाजूच्या मंडळींत सदैव वावरून ही स्त्री स्वतः विधवाच राहिली. तेव्हां थोरलीचा धाकटीवर प्रभाव पडला असें म्हणावें तरी कसें? कोणी असेंही म्हणतात कीं पार्वतीबाईंनीं येथें लोकमतापुढें मान तुकविली. पुनर्विवाहित स्त्रीस जुन्या घरांत कोणी दारांत उभें केलें नसतें, वर्गणी मिळाली नसती, म्हणून त्यांनीं सोयीचा मार्ग धरला.

या आक्षेपांत तथ्याचा एक अंश आहे. अण्णांनीं आश्रम काढला तेव्हां विधवाविवाहाची चळवळ त्यापासून अलग ठेवण्याचें धोरण त्यांनीं बुद्धिपुरस्सर स्वीकारलें. आश्रम शिक्षणाकरितां आहे, लग्नें लावण्याकरितां नाहीं, अशी खात्री पटल्याखेरीज पालक आपल्या विधवा मुली तेथें धाडते ना. अशा संस्थेस पार्वतीबाईंसारखी व्रतस्थ विधवा ही मोठीच जमेची बाजू होती, आणि पुनर्विवाहित बाया ही, कटु असलें तरी म्हटलें पाहिजे, अडचणीची बाजू होती. म्हणजे एका बहिणीनें ज्या धाडसाची किंमत मोजली त्याच धाडसामुळें ती आपल्या पतीच्या कार्याच्या उंबरठ्याबाहेर उभी राहिली, आणि दुसरी तोच उंबरठा ओलांडून आंत गेली. या दोन पुस्तकांतील खरें नाट्य आम्हांस येथें दिसतें. पतीचा पैसा व वेळ संस्थेकडे वाहत असतां घर चालवावयाचें, मुलें वाढवावयाचीं, आणि कामांत मात्र धाकट्या बहिणीस पुढें पाहावयाचें, हें बायांच्या वांट्यास आलें. तें सोसण्यास लागणारें मन लहान नव्हे.

परंतु 'सोयीचा मार्ग' हा शब्द पार्वतीबाईंस लागू पडत नाहीं. जी स्त्री चाळिशी उलटल्यावर केशवपन बंद करते आणि त्याबद्दल जुन्या मंडळींचा व नव्यांपैकींही कांहींचा रोष पत्करते. जी अर्ध्या इंग्रजीवर समुद्र ओलांडून परक्या देशांत भांडीं घासते. ती लोकमताला भिऊन अविवाहित राहिली हें संभवत नाहीं. पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनीं टाळलाही नाहीं. इतर विधवांचा तो हक्क त्यांस मान्य होता. आपल्यापुरता त्यांनीं तो नाकारला, तो पदरीं असलेलें मूल आणि अंगीकारलेलें कार्य यांचा विचार करून.

आमचें म्हणणें असें कीं या नकारांतच थोरल्या बहिणीचा प्रभाव सर्वांत खोल आहे. थोरलीनें पुनर्विवाह केला नसता तर धाकटीचें विधवापण हें नुसतें प्राक्तन राहिलें असतें. देवरुखांत त्या काळीं कोणत्या विधवेस 'तूं लग्न कां केलें नाहींस' असें विचारलें असतें? ज्या दाराला कडी आहे त्याच्या आंत बसलेल्या माणसाच्या बसण्यास निश्चय म्हणत नाहींत. बायांनीं ती कडी काढली. त्यानंतर पार्वतीबाई आंत राहिल्या त्या आपल्या इच्छेनें, आणि म्हणूनच त्यांच्या वैराग्यास अर्थ आला. धाकटीनें थोरलीचें अनुकरण केलें नाहीं. थोरलीमुळें तिला 'नाहीं' म्हणतां आलें. मोठ्या भावंडाकडून धाकट्यास मिळणाऱ्या देणग्यांत याहून मोठी देणगी आम्हांस माहीत नाहीं.

थोरली बहीण ही दुसरी आईच, असें आपण नेहमीं म्हणतों. आणि तिच्या प्रभावाचा विचारही आईच्या प्रभावाप्रमाणेंच करतों: तिनें वळण लावलें, धाकट्यांनीं तें गिरविलें. आपल्या परंपरेंत याच्या उलट उदाहरण आहे, नाहीं असें नाहीं. ताटीच्या अभंगांत धाकटी मुक्ताबाईच थोरल्या ज्ञानदेवांस समजावते. पण थोरलीनें मोकळें केलेलें आणि स्वतः निराळें वागणारें धाकटें भावंड आपल्या वाङ्मयांत क्वचितच भेटतें. इंग्रजी वाङ्मयाशीं परिचित असलेल्या वाचकांस या ठिकाणीं ब्राँटे भगिनी आठवतील. शार्लट ही एमिली व ॲन यांहून वडील. दोघी धाकट्या 1848 व 1849 सालीं वारल्यावर 1850 सालीं तिनें त्यांच्या कादंबऱ्या नव्यानें प्रसिद्ध केल्या व त्यांच्याविषयीं प्रस्तावना लिहिली. जगानें त्या दोघींस पुष्कळ काळ शार्लटच्याच डोळ्यांनीं पाहिलें. ॲनच्या एका कादंबरीचा विषयच चुकला असें तिचें मत होतें, आणि ती पुन्हां छापण्यास ती अनुकूल नव्हती. तिच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. परंतु तें प्रेम धाकट्यांच्या वतीनें बोलणारें होतें. जोशांच्या या मुलींत तसें घडलें नाहीं. येथें धाकटीनें आपली हकीकत आधीं सांगितली, आणि थोरलीनें आपली सोळा वर्षांनीं. कोणी कोणाच्या वतीनें बोललें नाहीं.

दोन्ही पुस्तकांचीं नांवेंही पाहण्यासारखीं आहेत. अण्णांनीं 1915 सालीं आपलें चरित्र लिहिलें त्यास 'आत्मवृत्त' असें नांव दिलें. तें संस्कृत, भारदस्त आणि घडलेल्या गोष्टींची नोंद सुचविणारें आहे. बहिणींनीं आपलीं नांवें घराच्या ओसरीवरून उचललीं. कहाणी ही व्रताच्या दिवशीं बायकांनीं बायकांस सांगावयाची. ती साठां उत्तरांची असली तरी पांचां उत्तरीं सुफळ संपूर्ण व्हावयाची. पार्वतीबाईंचें आयुष्यच व्रताचें होतें, आणि त्याची कहाणी ज्या व्हावी त्या हेतूनेंच त्या सांगतात: ऐकणारीनें उतूं नये, मातूं नये, आपणही कांहीं व्रत घ्यावें. पुराण या शब्दाची गोष्ट निराळी. देवळांत तें पवित्र असतें. पण घरांत 'काय पुराण लावलें आहेस' असें म्हटलें म्हणजे त्याचा अर्थ लांबण. बायांनीं हें नांव योजिलें त्यांत आपल्या बोलघेवडेपणावर आपणच हंसण्याची वृत्ति आहे. सूनबाई कावेरी कर्वे यांनीं संपादिलेल्या या पुस्तकाचा बाज मुळांत सांगण्याचा आहे, लिहिण्याचा नाहीं. त्यांत घरचें बोलणें तसेंच उतरलें आहे. सुधारणेच्या इतिहासांत ज्यास जागा नसते तें, म्हणजे पैशाची ओढ, मुलांचीं दुखणीं, माणसांचे रुसवेफुगवे, हें सारें तेथें निःसंकोच येतें.

वाङ्मयगुणांची तुलना करावयाची तर आम्ही 'माझें पुराण' यास किंचित् वरचें स्थान देऊं. 'माझी कहाणी' हें हेतूनें लिहिलेलें पुस्तक आहे. त्याची वाक्यें सरळ, मोजकीं व सभेस उद्देशून बोलणाऱ्याचीं आहेत. कोठें कोठें तीं उपदेशाकडे झुकतात, आणि स्त्रीशिक्षणाविषयींचीं लेखिकेचीं मतें आजच्या वाचकास जुनीं वाटतील. बायांस कोणास कांहीं पटवावयाचें नाहीं, म्हणून त्यांचें बोलणें अधिक पटतें. तथापि हा निवाडा दोन्ही पुस्तकें वेगळीं धरून झाला. एकत्र वाचलीं म्हणजे गुणदोषांची ही वांटणी पालटूं लागते. कहाणींतील संयम हा थोरलीच्या मोकळेपणाशेजारीं ठेवल्यावर उणीव वाटत नाहीं, तो स्वभाव वाटतो. आणि पुराणांतील घरगुती तक्रारीस धाकटीच्या व्रताशेजारीं एक निराळेंच वजन येतें.

अण्णांचें श्रेय यामुळें कमी होतें काय? मुळींच नाहीं. आश्रम त्यांचा, 1916 सालचें महिला विद्यापीठ त्यांचें. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर त्यांच्या मातोश्री नाथीबाईंच्या नांवानें तें ओळखलें जाऊं लागलें आणि 1936 सालीं त्याचें ठाणें मुंबईस आलें. पण एवढ्या मोठ्या वृक्षाच्या मुळाशीं एक बी असें आहे जें अण्णांनीं पेरलेलें नव्हे. देवरुखच्या एका विधवेनें गिरगांवच्या बिऱ्हाडांतून चौपाटीच्या शाळेंत जाण्यास होकार दिला तेव्हां अण्णा तिचे पति नव्हते, आश्रम नव्हता आणि विद्यापीठाची कल्पनाही नव्हती. तो होकार तिचा स्वतःचा होता. त्यामुळें तिच्या धाकट्या बहिणीस एक घर मिळालें, पुढें त्या बहिणीमुळें आश्रमास हात मिळाले, आणि त्या हातांनीं किती मुलींचें आयुष्य उभें केलें याची मोजदाद करणें अवघड आहे.

बाया 1950 सालीं वारल्या, पार्वतीबाई 1955 सालीं, आणि अण्णा शंभरी ओलांडून 1962 सालीं. तिघांचींही पुस्तकें आज उपलब्ध असतां अण्णांचें एकच वाचून आपण थांबतों ही खेदाची गोष्ट आहे. ज्या घरांत दोन बहिणी आहेत त्या घरांत तरी हीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं असावींत असें आम्हांस वाटतें. वाचतांना क्रम मात्र छपाईचा धरूं नये, जन्माचा धरावा: प्रथम थोरलीचें पुराण, मग धाकटीची कहाणी. म्हणजे कहाणींत पार्वतीबाई जेव्हां पुनर्विवाहास 'नाहीं' म्हणतात, तेव्हां त्या शब्दामागें उभी असलेली बाया वाचकाच्या नजरेंतून सुटणार नाहीं.